ही कसली तूर गं?

२०१५ च्या दिवाळीनंतर मी माहेराहून परत आले. पिशव्या ओट्यावर रिकाम्या करत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) एका पुडक्याची गाठ सोडली, मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि उजेडात धरून विचारलं, "ही कसली तूर गं? पाचरीसारखी दिसतीय. कुणी ठोकून काढल्यावानी."

तूर नव्हतीच ती. लाखोळी होती. माईनं बांधून दिलेली, पाच किलो. "तुमच्याकडे वैरणीचे हाल आहेत म्हणतेस ना, टाकून पाह्य वावरात. बैलं लय आवडीनं खातेत."

आत्याबाईंना लाखोळी ठाऊक नव्हती, आणि त्यात नवल नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात ती कधी दिसत नाही. इकडे काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर, आणि ज्याच्याकडे विहिरीचं किंवा इसापूरच्या कॅनॉलचं पाणी आहे त्याची हळद. माझं माहेर पार तिकडे, नवेगावबांधच्या तलावाजवळ, धानाच्या मुलखात. गंमत सांगते, माझं लग्न झालं तेव्हा माहेर भंडारा जिल्ह्यात होतं आणि सासर परभणी जिल्ह्यात. १ मे १९९९ ला एकाच दिवशी माहेर गोंदिया जिल्ह्यात गेलं नि सासर हिंगोलीत. आमचे हे अजून चिडवतात, "तू आलीस आणि दोन्हीकडचे जिल्हे मोडले!"

तर लाखोळी. आमच्याकडे धानाला पाणी बांधून ठेवलेलं असतं, बांध्यांमध्ये. दिवाळीच्या सुमाराला लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की पाणी सोडून द्यायचं. जमीन नुसती ओली राहते, पाय टाकला की मऊसूत रुतते. धान अजून उभंच असतं. कापणीला दोनतीन आठवडे बाकी असतात. तेव्हा त्या उभ्या धानातच लाखोळीचं बी फेकायचं. एकरी पंचवीस-तीस किलो. ना नांगर, ना वखर, ना खत. याला आमच्याकडे उतेरा म्हणतात, कुणी पैरा म्हणतात. धान कापायला येतं तेव्हा खाली बोटभर हिरवं उगवलेलं असतं. विळ्यानं कापणाऱ्या बाया ते जपून पाय टाकतात. धान घरी जातं, आणि जे वावर इतर कुठे उघडं-बोडकं पडलं असतं ते आमच्याकडे नुसतं हिरवंगार होतं. मग निळी-पांढरी फुलं. पाऊस नाही, पाणी देणं नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि सकाळच्या दवावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत पीक तयार.

लहानपणी मला त्यात फार काही वाटायचं नाही. आम्ही पोरी कोवळे शेंडे खुडायला जायचो. त्याची भाजी व्हायची, उरलेली वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायची. डाळीचे वडे लग्नाच्या पंगतीत असायचेच. आणि शेंगा झोडून झाल्या की राहिलेलं काड, भुसकट गुरांना. धानाची तणीस म्हणजे नुसतं पोट भरणं, त्यात कस नाही. तणशीत लाखोळीचं कुटार कालवलं की गाय शेण सुद्धा वेगळं टाकते, असं माझी आजी म्हणायची. ती शेणावरून गुराचं खाणं ओळखायची. आता पुस्तकात वाचते तर तेच लिहिलेलं असतं. द्विदल पिकाच्या चाऱ्यात प्रथिनं जास्त, एकदलाच्या काडात कमी, दोन्ही मिसळून द्यावं. शिवाय द्विदलाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीला देतात, म्हणून पुढच्या धानाला फायदा. आजीला नत्र माहीत नव्हता. "लाखोरीनं वावर गरम राह्यते," एवढंच तिचं शास्त्र.

इथवर आत्याबाईंना सांगितलं तर त्या खूश. "मग पेर की हिरीजवळ!" म्हणाल्या.

मी गप्प बसले. कारण पुढचंही सांगायला हवं होतं.

आमच्या घरी सालाने राहिलेला एक माणूस होता. मी त्याला मामा म्हणायचे. मी पाहिला तेव्हा तो दोन काठ्यांवर चालायचा. पाय गुडघ्यात वाकलेले, टाचा टेकत नसत, एक पाय दुसऱ्याला कैची मारल्यासारखा आडवा यायचा. आम्ही पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करायचो. आज आठवलं की लाज वाटते. एकदा आजीनं नक्कल करताना मला पाहिलं आणि पाठीत असा धपाटा घातला की बस. मग रात्री सांगितलं. हा माणूस तरणाबांड गडी होता, पोतं एका हातानं उचलायचा. एका वर्षी धान बुडालं. ज्या मोठ्या शेतकऱ्याकडे तो तेव्हा होता, त्यानं मजुरी म्हणून लाखोळीच दिली, कारण तीच पिकली होती. दोन वेळा लाखोळीची भाकर, लाखोळीचं वरण, तीनचार महिने. एक दिवस झोपेतून उठला तर पाय जड. मग जडच राहिले.

याला लकवा म्हणायचे लोक, कुणी देवीचा कोप म्हणायचे. खरं नाव लॅथिरिझम. लाखोळीच्या दाण्यात एक विष असतं, ते मज्जातंतूंवर काम करतं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते दाण्यातून वेगळं करून दाखवलं. एखाद्या दिवशी वडा खाल्ला, आठवड्यातून एकदा तांदूळ-गव्हाच्या जेवणात वरण खाल्लं तर काही होत नाही. माझ्या माहेरात पिढ्यान्‌पिढ्या खातात, मीही खाल्लंय. पण महिनोन्‌महिने तेच मुख्य अन्न झालं, की पाय जातात. आणि एकदा गेले की परत येत नाहीत. औषध नाही. बायांपेक्षा पुरुषांना, त्यातही तरण्या पुरुषांना हे जास्त होतं.

वाईट गोष्ट अशी की हे पीक दुष्काळातच तगतं. बाकी सगळं करपतं आणि ही उभी राहते. म्हणून नेमकं उपासमारीच्या वर्षी गरिबाच्या ताटात तीच असते. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४४ साली छापलेल्या पुस्तकात सागरकडच्या गावांतलं असंच लिहून ठेवलंय. गहू बुडाला, लोकांनी हेच धान्य खाल्लं, आणि तरणी माणसं कमरेखाली लुळी पडली. स्पेनमध्ये गोया म्हणून मोठा चित्रकार होऊन गेला. नेपोलियनच्या फौजांच्या काळातल्या माद्रिदच्या उपासमारीचं त्याचं एक चित्र आहे. लोक याच दाण्याच्या पिठाची लापशी खायला जमलेत. मी ते चित्र मुलीच्या मोबाईलवर पाहिलं. तिला म्हटलं, अगं, हे तर आमच्या गावचंच!

१९६१ मध्ये अन्नभेसळीच्या कायद्याखाली या डाळीच्या विक्रीवर बंधनं आली, महाराष्ट्रातही बंदी आली. तरी माझ्या माहेरात कुणी पेरायचं थांबलं नाही. गुरांना लागायचीच. पण विकायची चोरी झाली, आणि चोरीचा माल जातो कुठे? तुरीच्या डाळीत आणि बेसनात. तूरडाळ गोलसर असते. ही तिरपी, कोनाची, चपटी. डाळ निवडताना असा दाणा दिसला तर बाजूला काढा, एवढं सांगून ठेवते. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं आवाज उठवला. त्यांचं म्हणणं, हे गरीब शेतकऱ्याचं पीक आहे, नाहक बदनाम झालंय. पुढे दिल्ली आणि रायपूरच्या शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण काढले. २०१६ च्या सुरुवातीला बंदी उठवण्याच्या शिफारशीच्या बातम्या आल्या तेव्हा पुन्हा दोन्ही बाजूंनी वाद झाला. मला विचाराल तर दोघांचंही अर्धं अर्धं खरं वाटतं. दोष दाण्याइतकाच त्या मालकाचाही होता, ज्यानं मजुराला दुसरं काही दिलं नाही. पण वाण कमी विषाचा आहे की जुना, हे पुडीतल्या दाण्याकडे पाहून मला तरी कळत नाही.

हे सगळं ऐकल्यावर आत्याबाईंनी पुडकं परत बांधलं. "म्हंजे बैलाला चालतं आन्‌ माणसाला नाही?" मी म्हटलं, तसंही नाही आत्याबाई, दाणे फार घातले तर घोड्यांचेही पाय जातात, काड-भुसकट इतर वैरणीत मिसळून द्यायचं असतं. त्यांनी ते पुडकं कोठीच्या मागे ठेवलं. पोरं खेळतील, कुणीतरी दळून आणील, नको ती कटकट.

आणि मग आला २०१६ चा उन्हाळा. आठवतोय ना? लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. आमच्या विहिरीनं तळ गाठला. माझ्या दावणीला दोन म्हशी आणि एक लाल कंधारी गाय. आमचं दूध डेअरीला जातं आणि त्याचा पगार माझ्या नावावर येतो, घरात माझ्या नावावर येणारा तेवढा एकच पैसा. मोठीला नर्सिंगला घालायचं होतं, ते त्याच पैशांवर. वैरण शोधायला आमचे हे वीसवीस किलोमीटर फिरून आले. कडबा कुठेच नाही. कुठून असणार? मी लग्न होऊन आले तेव्हा प्रत्येक घरामागे कडब्याची गंजी असायची, आत्याबाई पेंढ्या मोजून ठेवायच्या. मग सोयाबीन आलं. ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनचं भुसकट जनावर नाक मुरडत खातं. पैसा आला हो, सोयाबीननं घरं बांधली, खोटं कशाला बोलू? पण गंजी गेली ती गेलीच.

मार्चमध्ये एक म्हैस विकली. व्यापाऱ्यानं निम्म्यात मागितली आणि द्यावी लागली. ती टेम्पोत चढेना. मी आत जाऊन चुलीपुढे बसले. आत्याबाईंनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. त्या रात्री कुणी दूध प्यायलं नाही.

त्याच रात्री मनात आलं, माहेरी जमीन कमी, पाणी कमी, माणसं गरीब, पण दोन पिकांच्या मधलं वावर रिकामं नसतं. इथे काळीभोर जमीन, आणि हळद निघाली की जूनपर्यंत ढेकळं तापत पडलेली. लाखोळी नको. ती चिखलाची, धानाची सोबतीण आहे, आमच्या भेगा पडणाऱ्या रानात कापणीनंतर ओल कुठून राहणार? पण तिच्या जातीचं दुसरं काही?

२०१६ ला पाऊस चांगला झाला. सप्टेंबरात तर नको म्हणेपर्यंत. मी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारून आले. पाणी असेल तर हिवाळ्यात बरसीम, उन्हाळ्यात चाऱ्याची चवळी. आणि कायम पाणी असेल तर लसूणघास, ती एकदा लावली की दोनतीन वर्षं चालते. मी विहिरीजवळचे दहा गुंठे मागितले. तुम्हाला वाटेल दहा गुंठे म्हणजे काय! पण आमच्या घरात त्यावर आठ दिवस भांडण चाललं. यांचं म्हणणं, विहिरीजवळची जमीन म्हणजे सोनं, तिथे गहू नाहीतर हरभरा. "गवत पेरायला जमीन असती का? लोकं हसतील." दीर म्हणाले, "वहिनी, बांधावर काय कमी गवत आहे?" बांधावरचं गवत डोक्यावर भारा करून कोण आणतं, ते दिरांना कुठे माहीत! रोज दोन तास, पंचवीस-तीस किलोचं ओझं. माझी मान दुखायची ती उगीच नाही. शेवटी आत्याबाई बोलल्या. त्या घरात क्वचितच मध्ये पडतात. म्हणाल्या, "म्हैस विकली तवा कुणी हसलं न्हाई. आता हसू द्या."

नोव्हेंबर, नोटबंदीचा महिना. बियाणाच्या दुकानात जुन्या नोटा घेईनात. दुकानदारानं ओळखीवर तीन किलो बरसीम उधार दिलं. बी मोहरीपेक्षाही बारीक. आधी मिठाच्या पाण्यात टाकायचं. हलकं बी आणि कासनीचं तणबी वर तरंगतं, ते काढून टाकायचं, खाली बसलेलं साध्या पाण्यानं धुऊन घ्यायचं. मग गुळाच्या पाण्यात जिवाणूंचं पाकीट कालवून बियाला चोळायचं. पहिल्यांदा बरसीम पेरताना हे करावंच, कारण आपल्या जमिनीत त्याच्या जातीचे जिवाणू नसतात. ते आहे मुळात मिसर देशाचं, नाईल नदीकाठचं. १९०४ च्या सुमारास सिंधमार्गे आपल्याकडे आलं. लहान वाफे केले, पाणी भरलं आणि त्या पाण्यातच बी फेकलं. मला एकदम माहेरचा उतेरा आठवला. हाताची फेक तीच! इतक्या वर्षांनी हात विसरला नव्हता.

पन्नासाव्या दिवशी पहिली कापणी. त्यानंतर दर महिन्याला, मार्चपर्यंत चार कापण्या निघाल्या. पाचवी उन्हानं गेली. पाणी मात्र भरपूर मागतं हं, दहा-पंधरा दिवसांनी द्यावंच लागतं. विहीर नसेल त्यानं या वाटेला जाऊ नये. एक म्हैस आणि गाय, दोघींना रोज टोपलीभर. पेंड निम्मी केली तरी दूध तुटलं नाही, उलट म्हैस संध्याकाळी तीनाची चार लिटरवर आली. फॅटही लागली. मी वहीत लिहून ठेवायचे, कारण हे रोज विचारायचे, "कितीचं निघालं?"

आणि मी एक घोडचूक केली, तीही लिहिते. जानेवारीत एका पहाटे घाईत होते, हळद काढायला बाया येणार होत्या. दवानं भिजलेलं बरसीम कापलं आणि उपाशी वगारीपुढे तसंच भारंभार टाकलं. तासाभरात तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. तोंडातून फेस, जीभ बाहेर, पाय झाडायला लागली. डॉक्टर गावातच होते म्हणून वाचली. त्यांनी तेल पाजलं, नळी घातली, वारा काढला. मला म्हणाले, "ताई, हे श्रीखंड आहे. उपाशी पोटी वाटीभर श्रीखंड तुम्ही तरी खाल का?" तेव्हापासून नियम. संध्याकाळी कापायचं, रात्रभर पसरून सुकू द्यायचं, आधी कोरडी वैरण आणि मग त्यात मिसळून हिरवं. फुगलेल्या जनावराला घरी उपाय करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. वेळ फार थोडा असतो.

मार्चमध्ये हळद निघालेल्या रानात वीस गुंठे चवळी टाकली. या वेळी कुणी भांडलं नाही. हळदीला घातलेलं शेणखत जमिनीत शिल्लक असतंच, चवळी नुसती भसाभसा वाढली. फुलावर आली की कापायची, पन्नास-पंचावन्न दिवसांत. मेच्या मध्याला रान मोकळं, मृगाला सोयाबीन तयार. हळदीच्या शिजवणी-वाळवणीच्या दिवसांत बाईला श्वास घ्यायला वेळ नसतो. त्या दिवसांत बांधाबांधानं गवत शोधायचं नाही, दावणीपासून शंभर पावलांवर विळा घेऊन जायचं, हे सुख काय असतं ते ज्या बायकांनी भारा वाहिलाय त्यांनाच कळेल. मानेचं दुखणं कमी झालं. डॉक्टरला दाखवायचं राहूनच गेलं.

बरसीमच्या त्या दहा गुंठ्यांत पुढच्या जूनला हळद लावली. पानं बाकीच्या रानापेक्षा काळपट हिरवी. किती फरक, ते मी मोजलं नाही. पण युरिया टाकताना हे त्या तुकड्याशी थांबले, पाटी दुसरीकडे वळवली आणि काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. नंतरच्या वर्षी नोव्हेंबरात यांनीच विचारलं, "तुझं ते गवत कुठं टाकायचं यंदा?"

मोठी आता नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. लॅथिरिझम म्हणजे काय, हे तिला अभ्यासात आलं होतं, पुस्तकात दोन ओळी. तिनं फोन करून विचारलं, "आई, हा तुझा तो काठ्यांवाला मामाच ना गं?" तो मामा जाऊन खूप वर्षं झाली. त्याचं नाव मला आठवेना. माईला विचारलं तर तिलाही लगेच आठवेना.

गेल्या कार्तिकात मंडईला गेले होते तर भावाच्या बांध्या धानानंतर बोडक्या. म्हटलं, लाखोळी? म्हणाला, "ताई, आता हार्वेस्टर येते. उभ्या धानात बी फेकलं तर चाकाखाली सपाट. आन्‌ मोकाट ढोरं राहू देतेत का?" गुरंही दोनच उरलीत त्याच्याकडे. माईनं मात्र घरामागच्या एका बांधीत, जिथे यंत्र वळत नाही, तिथे पाच-सात ओळी धान हातानं कापायला ठेवलं होतं आणि त्यात दाणे फेकले होते. वाकून दाखवत होती मला, बोटभर आलं होतं. निघताना तिनं पुडकं पुढे केलंच. मी म्हटलं, नको गं, त्याऐवजी तू माझ्याकडून चवळीचं बी घे. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "पाठव. पण भाजी खाता येते का तिची?"

शेंगांची होते, आणि कोवळ्या पाल्याचीही. किलोभर पाठवलंय.